कृष्णेचं पाणी साफ कोण करतं? नदी, विहीर आणि तळ्यातल्या जिवांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या घाटावर, कराडच्या प्रीतिसंगमावर, वाईत, माहुलीत नदी बघायला जमलेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

“वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं” हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. घाण पाणी चांगल्या पाण्यात मिसळून पातळ होतं, गाळ खाली बसतो, उन्हामुळे काही रोगजंतू मरतात. एवढं आपोआप होतं. पण त्यात घाण जागा बदलते, संपत नाही. ती संपवण्याचं काम पाण्यातले जीव करतात. मैला, खरकटं, निर्माल्य, सडलेला पाला यांतले कार्बनी पदार्थ ते खातात आणि त्यांचं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांत रूपांतर करतात.

या कामाला दोन गोष्टी लागतात, ऑक्सिजन आणि वेळ. अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली याचं गणित मांडलं. नाला नदीला मिळतो तिथून खाली जाताना पाण्यातला ऑक्सिजन आधी घसरत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग हळूहळू सावरतो. नदी सावरायच्या आतच दुसरा नाला येऊन मिळाला, की पुन्हा घसरण सुरू. वाई, सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज अशी गावं-शहरं आणि त्यांच्यामधले कारखाने नकाशावर एका ओळीत बघा. कृष्णेला दम खायला जागा कुठे उरते, हा खरा प्रश्न आहे.

जिवाणू म्हणजे रोगजंतूच ना? मग ते पाणी साफ कसं करतील?

बहुतेक जिवाणूंना आपल्याशी काही देणंघेणं नसतं. नदीतल्या दगडावर पाय ठेवला की सटकतो, ती बुळबुळीत साय आठवा. ती जिवाणू, सूक्ष्म शेवाळ, बुरशी आणि त्यांनी सोडलेल्या चिकट द्रव्याची बनलेली असते. पाणी वरून वाहत असताना ही साय त्यातलं विरघळलेलं अन्न टिपून घेते. दगड जितके जास्त, तितकी साय जास्त, आणि काम तितकं जास्त.

यातही कामाची वाटणी असते. मैलापाण्यातून अमोनिया येतो, तो माशांना विषारी. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोघांनाही ऑक्सिजन लागतो. पुढे गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो तिथे, तिसराच गट नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतो आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. म्हणजे युरियातून किंवा मैल्यातून आलेला नायट्रोजन पाण्यातून खरोखर बाहेर पडतो. जिथे नायट्रेटही संपतं तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू उरतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तो वास आला की समजावं, पाण्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला आहे.

जिवाणू वाढतच गेले तर पाणी त्यांनीच गढूळ होईल. तसं होत नाही, कारण त्यांना खाणारे एकपेशीय जीव असतात, त्यांना खाणारे चक्रधर आणि पाणपिसवा हे बारीक प्राणी असतात, त्यांना खाणाऱ्या अळ्या आणि माशांची पिल्लं असतात. नाल्यातली घाण अशी चार-पाच पोटांतून जाते. शेवटी तिच्यातला काही भाग चतुर होऊन उडून जातो, काही बगळ्याच्या चोचीतून जातो आणि काही कोळ्याच्या जाळ्यातून आपल्या ताटात येतो.

बातम्यांत ‘बीओडी’ वाढला असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्याचं ते माप. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष असा: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. शहराच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३००. आणि मळीपासून दारू-स्पिरिट काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्याचा? ४०,००० च्या घरात, कधी त्याहूनही वर.

हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून हिशेब करून बघू. असल्या पाण्याचा १०,००० लिटरचा एकच टँकर घ्या. तो पचवायला ४०० किलो ऑक्सिजन लागेल. उन्हाळ्यात, पाणी ३० अंशांवर असताना, लिटरभर पाण्यात जेमतेम ७ ते साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका टँकरला साधारण साडेपाच कोटी लिटर नदीच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागेल. हवेतून थोडा थोडा मिसळत राहतो, पण माशांना तेवढी वाट बघता येत नाही. जिवाणू आपलं काम चोख करत असतात आणि त्यातच मासे गुदमरतात. अशा वेळी नदीची स्वच्छतेची ताकद कमी पडली असं म्हणणं मला पटत नाही. तिच्यावर ते ओझं टाकायलाच नको होतं.

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकल्यावर पाणी हिरवं का पडतं? आणि पहाटे मासे तोंड वर काढून का दिसतात?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. उन्हाळ्यात सांगलीचं पात्र बहुतांशी कोयनेतून सोडलेल्या आणि बंधाऱ्यांत अडवलेल्या पाण्यावर असतं. पाणी थांबलं, तापलं, त्यात सांडपाण्यातून आणि उसाच्या रानातून आलेलं नत्र-स्फुरद भरपूर, मग शेवाळाला आणखी काय पाहिजे?

दिवसा हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं. दुपारी तीनला मोजलंत तर पाण्यात ऑक्सिजन इतका भरपूर सापडेल की नदी ठणठणीत वाटावी. रात्री उलटं होतं. प्रकाश नाही, म्हणून ऑक्सिजन तयार होत नाही, पण शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच श्वास घेत असतात. सूर्य उगवायच्या जरा आधी ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे पृष्ठभागावर येऊन, तोंड उघडं ठेवून, पाण्याचा अगदी वरचा पातळ थर कल्ल्यांतून ओढतात. मरळ आणि मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते तगतात. कटला-रोहू आधी जातात. कोण मेलं आणि कोण वाचलं यावरून कारणाचा अंदाज येतो. मरळसुद्धा मेलेली दिसली तर नुसत्या ऑक्सिजनच्या कमतरतेपलीकडे, विषाचाही संशय घ्यावा.

हिरव्या रंगावर निळसर झाक असेल, रंग सांडल्यासारखा तवंग दिसत असेल, तर ते बहुधा नीलहरित शेवाळ. त्यातल्या काही जाती विष तयार करतात आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. असं पाणी जनावरांनाही पाजू नये.

शिंपले पाणी गाळतात असं ऐकलं. आपल्या नदीत आहेत का?

आहेत. पाणी ओसरलं की वाळूत शिंपल्यांच्या रेघा दिसतात, त्या त्यांच्याच चालीच्या. शिंपला अर्धा वाळूत रुतून बसतो, एका फटीतून पाणी आत घेतो, कल्ल्यांवरच्या बारीक केसांनी त्यातलं शेवाळ, जिवाणू आणि गाळाचे कण वेगळे करतो आणि दुसऱ्या फटीतून पाणी बाहेर सोडतो. मोठा शिंपला तासाला लिटरभर पाणी गाळू शकतो. जे पचत नाही ते चिकट गोळ्या करून तळाला टाकतो, त्यामुळे ते पुन्हा पाण्यात तरंगत नाही.

त्यांची पिल्लं वाढवण्याची रीत मोठी मजेशीर आहे. मादी स्वतःच्या कल्ल्यांत पिल्लं वाढवते आणि ती सूक्ष्म पिल्लं पाण्यात सोडते. तिथून पुढे जगायचं तर त्यांना एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटावं लागतं. काही दिवस-आठवडे माशावर काढायचे, मग गळून वाळूत पडायचं आणि तिथे पुढचं सगळं आयुष्य. नदीतले देशी मासे संपले की शिंपल्यांची पुढची पिढी उभीच राहत नाही. म्हातारे शिंपले बरीच वर्षं जगत राहतात, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. नदीत फक्त मोठे शिंपले सापडत असतील आणि नखाएवढे एकही दिसत नसतील, तर ती वाईट खूण समजा.

आणि हो, गाळणाऱ्याच्या अंगात गाळलेलं साठतं. शहराच्या खालच्या अंगाचे शिंपले खाऊ नयेत.

वाळू उपशाचा आणि स्वच्छ पाण्याचा काय संबंध?

फार मोठा, आणि याबद्दल कमी बोललं जातं. आपल्याला दिसते ती नदी वर वाहणारी. तिच्या खाली, वाळू-गोट्यांच्या फटींतूनही पाणी सावकाश वाहत असतं. तिथे प्रत्येक कणावर जिवाणूंची साय आणि कणाकणांच्या मधल्या पोकळीत राहणारे बारीक किडे. पाणी वाळूत शिरतं, गाळून-पचवून पुढे वर येतं. वाळू काढून नेली की हा सगळा कारखाना ट्रकमध्ये भरून गेला. खाली उरतो खडक किंवा चिखल, आणि खड्ड्यांत साचलेलं पाणी. शिंपल्यांचं घर गेलं, माशांची अंडी घालायची जागा गेली, ती वेगळीच.

नदीत किंवा तळ्यात मासे सोडले तर पाणी साफ राहील का?

सरसकट नाही. काही मासे शेवाळ खातात, काही पाणपिसवा खातात. पाणपिसवा शेवाळ गाळून खात असतात, त्यामुळे त्याच मेल्या तर पाणी उलट जास्त हिरवं होतं. चिलापी तळ उकरते आणि देशी माशांची जागा बळकावते. आरोग्य खातं गप्पी देतं, ते डासांच्या अळ्यांसाठी. ते हौदात, टाकीत, बंद पडलेल्या कारंज्यात ठीक आहेत. नदीत आणि कासच्या पठारावरच्या पाण्यात नकोत, तिथे डासांच्या अळ्या खायला चतुराच्या अळ्या आणि देशी मासे आहेत. घरच्या अ‍ॅक्वेरियममधला सकर तर कुठेच सोडू नका.

विहिरीत कासव सोडल्यावर पाणी शुद्ध राहतं, हे आजोबा सांगायचे. खरं का?

कासव विहिरीत पडलेले किडे, बेडूक, मेलेले जीव खातं, एवढ्यापुरतं खरं. पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात जाते आणि सरळ भिंतीच्या विहिरीत त्याला ऊन खायला वर येता येत नाही. शिवाय देशी कासवं पकडणं आणि बाळगणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. लिंबची बारा मोटेची विहीर किंवा गावोगावच्या जुन्या बारवा स्वच्छ राहायच्या, कारण रोज पाणी उपसलं जायचं आणि नवा झरा आत यायचा. उपसा थांबला की कितीही कासवं असू देत, पाणी खराब होतंच.

कासवांवर सरकारनेही भरवसा ठेवला होता. गंगा कृती योजनेत वाराणसीला अर्धवट जळालेली प्रेतं खातील म्हणून कासवं वाढवून नदीत सोडली होती.

केंदाळ पाणी साफ करतं की खराब?

दोन्ही करतं. म्हणूनच लोक यावर भांडतात.

जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या लोंबत्या काळसर मुळ्या नत्र, स्फुरद आणि काही जड धातूसुद्धा ओढून घेतात, मुळ्यांना गाळ अडकतो आणि जिवाणूंना राहायला जागा मिळते. कागदावर उत्तम झाड. पण त्याने पात्र झाकलं की खाली उजेड पोचत नाही, वारा पाण्याला लागत नाही, ऑक्सिजन मिसळत नाही. आणि ते मेलं की शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात. म्हणजे फायदा हवा असेल तर ते वेळेवर बाहेर काढलंच पाहिजे. काढलेलं काठावरच ढीग लावून ठेवलं, की पहिल्या पावसात ते रस होऊन परत नदीत. काढायचं तर लांब नेऊन खत करायचं. अर्थात ट्रॉलीभर केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाहतुकीचा खर्च जिवावर येतो.

ते खाणारे सोंडकिडे भारतात १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडले. काही तळ्यांत त्यांनी चांगलं काम केलं. वाहत्या नदीत, जिथे पूर दरवर्षी किडे आणि केंदाळ दोन्ही वाहून नेतो, तिथे फार आशा ठेवू नये. केंदाळ फोफावलं याचा अर्थ वरच्या अंगाला कोणीतरी त्याला जेवू घालतंय.

काठावरची झाडं तोडून ऊस लावला तर पाण्याला काय फरक पडतो?

वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, खाली लव्हाळे आणि पाणकणीस असा पट्टा असेल तर रानातून येणारं पाणी त्यातून झिरपत येतं. माती अडते, आणि मुळांभोवतीच्या ओल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. सावलीमुळे पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: २० अंशांना लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. काठापर्यंत सरी पाडल्या की युरिया थेट नदीत. चार सरी सोडायला कोणाचं मन होत नाही, हेही कळतं. पण पुरात काठ ढासळून त्याहून जास्त जमीन जाते.

मगरींचा काही उपयोग आहे का?

भिलवडी-औदुंबरच्या बाजूला हा प्रश्न जरा रागानेच विचारला जातो. मगर मेलेली जनावरं आणि मासे खाते, आजारी मासे आधी टिपते. पाण्याच्या शुद्धीत तिचा वाटा जिवाणूंच्या मानाने किरकोळ आहे. तिला ठेवायची कारणं वेगळी आहेत.

प्रयोगशाळेशिवाय पाणी चांगलं की वाईट हे ओळखता येतं का?

येतं, आणि शाळेतल्या मुलांनाही जमतं. दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, वाईच्या वर किंवा वेण्णा नदीच्या उथळ खळखळत्या भागात जा. तळहातापेक्षा मोठा दगड हळूच उचला आणि खालची बाजू उन्हात धरा. आधी काहीच दिसत नाही. मग ओला दगड हलायला लागतो.

चपटा, दगडाच्याच रंगाचा, शेपटीला तीन बारीक दोरे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सतत फडफडणारे पानासारखे कल्ले असलेला जीव दिसला, तर ते मे-माशीचं पिल्लू. त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो. शेपटीला दोनच दोरे आणि पायांच्या बुडाशी कल्ल्यांचे झुबके असतील तर ती दगडमाशी, ती आणखी नाजूक. दगडाला चिकटलेली, वाळूचे कण एकाला एक जोडून केलेली बारीक नळी दिसेल. तिच्यात अळी असते आणि कण जोडायचं रेशीम तिचं स्वतःचं. तिचे काही भाऊबंद दोन दगडांमध्ये रेशमाची जाळी विणतात आणि वाहत आलेले कण त्यात पकडून खातात. हे तिन्ही भेटले तर पाणी चांगलं.

आता शहराच्या खाली, नाला मिळतो तिथला चिखल हातमोजा घालून उचला. रक्तासारख्या लाल अळ्या आणि लाल दोऱ्यांसारखे गांडुळाचे नातेवाईक वळवळताना दिसतील. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी कमी ऑक्सिजनमध्येही ते जगतात. तेही घाणच खातात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण फक्त तेच उरले असतील तर पाण्याची अवस्था वेगळी सांगायला नको. जिवांवरून पाणी ओळखायची ही पद्धत कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. बाटलीतला नमुना त्या क्षणाचं सांगतो, दगडाखालचा किडा गेल्या कित्येक आठवड्यांचं. रात्री गुपचूप सोडलेलं पाणी सकाळपर्यंत वाहून जातं, पण मे-माश्या मेलेल्याच राहतात.

बघून झालं की दगड होता तसा, होता तिथे ठेवा.

मग सांगलीतल्या शेरीनाल्याचं पाणीही झाडं लावून साफ करता येईल?

तत्त्वतः येतं. खडीच्या उथळ वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून त्यातून सांडपाणी सावकाश नेतात. झाडापेक्षा जास्त काम मुळांवरचे आणि खडीवरचे जिवाणू करतात. अडचण जागेची आहे. आपल्या उबदार हवेतही माणशी एक ते दोन चौरस मीटर धरावे लागतात. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच लाख होती. म्हणजे सव्वाशे ते अडीचशे एकर. शहरात तेवढी जागा कोण देणार? पण पाच हजार वस्तीच्या गावाला सव्वा ते अडीच एकर पुरतात. नदीकाठच्या गावांनी याचा विचार जरूर करावा.

शहराला सांडपाणी प्रकल्पच लागतो. तिथेही काम तेच जिवाणू करतात, फक्त पंपाने हवा देऊन दाटीवाटीने राबवलेले. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. वीज गेली की जिवाणू गुदमरतात, म्हणून प्रकल्प उभा असणं आणि चालू असणं यात फरक असतो.

बाजारात मिळणारं जिवाणूंचं कल्चर नदीत ओतलं तर?

नदीत जिवाणूंची टंचाई कधीच नसते. टंचाई असते ती हवेची आणि वेळेची. बंद शोषखड्ड्यात, छोट्या तळ्यात हवा खेळवून थोडाफार उपयोग होतो. वाहत्या नदीत ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

गंगेच्या पाण्यात जंतू मारणारं काहीतरी असतं म्हणतात. कृष्णेतही असतं का?

हॅन्किन नावाच्या संशोधकाने १८९६ साली नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू लवकर मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. पुढे १९१७ मध्ये देरेल याने जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव दिलं. असे विषाणू जिथे जिवाणू तिथे असतातच, कृष्णेतही आहेत. पण एकेक विषाणू ठरावीक जिवाणूच मारतो. त्यांच्या भरवशावर तीर्थ प्यावं असं मात्र नाही.

डोंगरातलं नितळ पाणी तसंच प्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. वर म्हैस मेलेली असू शकते. नितळपणा डोळ्यांना दिसतो, रोगजंतू दिसत नाहीत. निवळीच्या बियांनी किंवा तुरटीने गाळ बसतो, जंतू पुरते जात नाहीत. उकळावंच.

जिवांच्या मदतीने पिण्याचं पाणी करता येतं, पण शिस्तीत. संथ वाळू गाळणीत पाणी तासाला १०-२० सेंटीमीटर इतक्या सावकाश खाली उतरतं आणि वाळूवर जमलेली जिवंत साय जंतू खाऊन टाकते. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये पटकीने सुमारे ८,६०० माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं, उलट हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेत होतं, पण ते वाळूतून गाळून देत होतं. तिथे साथ फारशी पसरली नाही.

जिवांना काय साफ करता येत नाही?

शिसं, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचं विघटन होतच नाही. ते गाळात आणि माशांच्या अंगात साठतात. प्लास्टिकचे तुकडे होतात, ते संपत नाहीत. काही कीटकनाशकं तर साफ करणाऱ्या किड्यांनाच मारतात. मूर्तींवरचे रासायनिक रंगही याच यादीत.

महापुराने नदी धुऊन निघते का?

गाळ, केंदाळ, कचरा खाली जातो, हे खरं. पण सोबत गावातले शौचालयांचे खड्डे, गोदामातली खतं-औषधं, मेलेली जनावरंही पाण्यात येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर दगडांवरची साय आणि किडे परत यायला काही आठवडे लागतात. ते येतात वरच्या ओढ्यांतून, म्हणून छोटे ओढे जिवंत असणं महत्त्वाचं.

नदीत मेलेले मासे दिसले तर काय करायचं?

आधी वेळ लिहून ठेवा आणि फोटो काढा, ठिकाण ओळखू येईल असा. कोणत्या जातीचे मासे आहेत, काही अजून तडफडताहेत का, पाण्याचा रंग आणि वास कसा आहे, हे नोंदवा. मग काठाने वर चालत जा आणि मेलेले मासे कुठून दिसेनासे होतात ती जागा शोधा. घाण त्याच्या जवळपास शिरलेली असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला आणि पाटबंधारे खात्याला लगेच कळवा, तोंडी नको, लेखी. दुपारपर्यंत थांबू नका, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं आणि शेवाळाने ऑक्सिजनही भरून काढलेला असतो. मासे फुकट मिळताहेत म्हणून पोती भरणारे येतात. त्यांना अडवा, ते मासे बाजारात जाता कामा नयेत.